एकतीस इंच

बाबा माझ्याशी पूर्ण दीड दिवस बोलले नाहीत. कारण काय, तर एक मासा. तोही खाल्लेला नाही, सोडलेला.

झालं असं. २०२४ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आले. आई-बाबा अमेरिकेत आले की आपण त्यांना काय काय दाखवतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. मॉल, देऊळ, नायगारा, परत मॉल. आई रमते. तिला नातू आहे, फोन आहे, आणि देशी दुकानातल्या भेंडीचा भाव रुपयांत काढून हळहळणं आहे. बाबांचं मात्र तिसऱ्या आठवड्यात "इथे माणसं कुठे असतात रे?" सुरू होतं.

बाबा मूळचे मालवणजवळच्या एका गावचे. पस्तीस वर्षं बँकेत नोकरी, संसार डोंबिवलीत. पण माशांचा विषय निघाला की माणूस थेट गावी पोचतो. लहानपणी मामाच्या रापणीचा दोर ओढायला पहाटे किनाऱ्यावर जायचे. ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी: लांबच लांब जाळं होडीतून अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. जो दोराला हात लावेल त्याला थोडे का होईना मासे मिळतात. बाबांची आयुष्यातली पहिली कमाई म्हणजे पाच-सहा बांगडे, असं ते अजून सांगतात.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यांना मॉलमध्ये काय फिरवतोस? पार्टी बोटीवर ने." पार्टी बोट म्हटल्यावर आई जरा घाबरली :-) पण तसलं काही नसतं. माणशी तिकीट काढायचं, रॉड भाड्यानं घ्यायचा, आणि तीस-चाळीस अनोळखी माणसांबरोबर दिवसभर कठड्याशी उभं राहून गरवायचं. आमच्या भाषेत गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. इंग्रजीत त्यालाच 'रिक्रिएशनल फिशिंग' असं भारदस्त नाव आहे.

तर एप्रिलचा शेवटचा शनिवार. अटलांटिक हायलँड्सच्या धक्क्यावर सकाळी सहाला आम्ही हजर. बाबा माकडटोपी, मफलर, वर माझं जुनं जॅकेट अशा थाटात. बोट रॅरिटन उपसागरात शिरली, लांबवर मॅनहॅटनच्या इमारती दिसायला लागल्या, आणि बाबांनी मॅनहॅटनकडे पाठ करून पाण्याकडे तोंड केलं. म्हटलं, चला, तिकिटाचे पैसे वसूल.

ज्याच्यासाठी ही सगळी माणसं आली होती तो मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. इकडे लाडानं 'स्ट्रायपर' म्हणतात. चंदेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. हिलसासारखाच हा समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नदीत शिरतो. इथे हडसन, खाली डेलावेअर, आणि सगळ्यात मोठं माहेर म्हणजे मेरीलँड-व्हर्जिनियामधला चेसापीक उपसागर.

मासेमारी सुरू व्हायच्या आधी कप्तानानं भोंग्यावरून नियम सांगितले. माणशी एकच मासा. त्याची लांबी अठ्ठावीस इंच किंवा जास्त, पण एकतीसपेक्षा कमी. प्रोग्रामरच्या भाषेत, अठ्ठावीस धरून, एकतीस वगळून. बाकी सगळं परत पाण्यात.

मी भाषांतर करून सांगितलं. बाबा म्हणाले, "लहान सोडायचा हे समजलं. पिल्लांना वाढू द्यावं. पण मोठा का सोडायचा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "काहीतरी बग असेल."

साडेदहाच्या सुमारास बाबांचा रॉड वाकला. पुढची दहा मिनिटं मी ज्या माणसाला बघत होतो तो माझ्या ओळखीचा नव्हता. गुडघेदुखी नाही, बीपी नाही. ढील दे, ओढ, ढील दे, ओढ. बोटीवरचा मदतनीस पोरगा धावत आला, त्यानं जाळीनं मासा वर घेतला आणि मापाच्या फळीवर ठेवला. शेपटी चिमटीत धरून त्यानं आकडा सांगितला. छत्तीस.

"छत्तीस!" बाबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला... त्यांना वाटलं, जास्त मार्क पडले. मी फोटो काढला. तेवढ्यात त्या पोरानं मासा उचलून कठड्यावर नेला.

बाबा त्याच्यावर सरळ मालवणीत ओरडले, "अरे मेल्या, सोडतंस काय? गाबोळीन भरलेली आसा ती!"

पोट खरंच टम्म होतं. पोरगा हसला, 'थँक यू सर' म्हणाला आणि सोडून दिली. ती पाण्यात एका कुशीवर पडली. तोंड उघडत-मिटत होती. दोन सीगल पक्षी वर घिरट्या घालायला लागले. मग शेपटी एकदा हलली, आणि नाहीशी झाली. पोहत गेली की बुडाली, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

बाबांनी रॉड कठड्याला टेकवून ठेवला आणि परत हातात घेतला नाही. मला दिवसभरात एकही मासा लागला नाही (हे सांगायची खरं तर गरज नव्हती). येताना गाडीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "अन्न फेकलंत." मी वाटेत देशी दुकानातून फ्रोजन सुरमई घेतली. त्या सुरमईकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

रविवारी संध्याकाळी अबोला सुटला. चहा पिता पिता म्हणाले, "तो नियम कुणी केला आणि का, ते शोध. तुला दिवसभर दुसरं काय काम असतं?"

शोधलं. आणि जे सापडलं त्यानं माझी जरा पंचाईतच केली.

या माशावरचे नियम आपल्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाहून जुने आहेत. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीनं हुकूम काढला की कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायचे नाहीत. म्हणजे तेव्हा लोक हा मासा खत म्हणून घालत होते, इतका होता! १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीनं बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या मासेमारीचं उत्पन्न एका मोफत शाळेसाठी लावून दिलं. आपल्याकडे देवस्थानाला जमीन लावून देतात तसं.

मग तीनशे वर्षांनी मोठा धक्का बसला. १९७३ मध्ये व्यापारी मासेमारी शिखरावर होती, जवळजवळ दीड कोटी पौंड. पुढच्या दहा वर्षांत ती तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरली. अटलांटिक किनाऱ्यावरच्या पंधरा राज्यांचा एक मत्स्य आयोग १९४२ पासून आहे, पण त्याच्या शिफारशी पाळल्या तर पाळल्या, नाहीतर नाही. आपल्या कंपनीतल्या कोडिंग गाइडलाइन्ससारख्या. १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं खास या एका माशासाठी कायदा केला. जे राज्य आयोगाची योजना पाळणार नाही, त्या राज्यात या माशाची मासेमारी केंद्र सरकार बंद करू शकेल. गाइडलाइनला दात आले.

१ जानेवारी १९८५ ला मेरीलँडनं पूर्ण बंदी घातली. व्यापारी, हौशी, सगळ्यांना. ती पाच वर्षं टिकली. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा: १९८२ साली जन्मलेली एक पिढी त्यातल्या त्यात बरी होती. आयोगानं ठरवलं की त्या आणि त्यानंतरच्या पिढ्यांतल्या ९५ टक्के माद्यांना निदान एकदा तरी अंडी घालू द्यायची. त्यासाठी ती पिढी जसजशी वाढेल तसतशी किमान लांबीची अट दर वर्षी वाढवत न्यायची. मासा वाढतोय, नियमही त्याच्याबरोबर वाढतोय. १९९५ मध्ये आयोगानं जाहीर केलं की मासा परत आला आहे.

इथवर बाबा खूश. "बघ, मनावर घेतलं की होतं."

मग मी पुढचं वाचून दाखवलं. २०१७ पर्यंतची आकडेवारी घेऊन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तर मासा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली, आणि मासेमारी मर्यादेबाहेर. म्हटलं, "बाबा, ओळखा, कुणामुळे?"

"त्यात काय ओळखायचं? मोठ्या जाळ्यांमुळे."

बाबांचं उत्तर असंच येणार हे मला माहीत होतं. मालवण, आचरा या भागात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांची भांडणं पार हाणामारीवर गेलेली आहेत, आणि त्यात बाबा कोणत्या बाजूचे ते सांगायला नको. पर्ससीन म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून, बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळलं जाणारं जाळं. बाबांच्या मते जगातल्या निम्म्या समस्यांचं मूळ तिथे आहे.

मी आकडे वाचले. २०१७ साली माणसामुळे जेवढे स्ट्राइप्ड बास मेले, त्यातले व्यापारी मच्छीमारांनी विक्रीसाठी धरलेले ८ टक्के. त्यांच्याकडून चुकून जाळ्यात येऊन मेलेले २ टक्के. हौशी लोकांनी घरी नेऊन खाल्लेले ४२ टक्के. आणि उरलेले ४८ टक्के म्हणजे हौशी लोकांनी धरले, फोटो काढला, सोडून दिले, आणि नंतर मेले.

बाबा बँकेतले. आकडा ऐकला की थांबतात. "परत सांग."

परत सांगितलं. सोडलेल्या शंभर माशांतले नऊ मरतात असं शास्त्रज्ञ धरतात. गळ घशात रुतलेला, दमछाक झालेली, उन्हाळ्यात पाणी गरम. शंभरात नऊ म्हणजे तसं काहीच नाही. पण त्या एका वर्षात सुमारे ३ कोटी ८० लाख वेळा मासा धरून सोडला गेला. नऊ टक्क्यांनी ३४ लाख. व्यापारी जाळी आणि गळ मिळून जेवढे गेले त्याच्या कितीतरी पट, आणि हे सगळे कुणाच्याही पानात न पडता.

पंचाईत म्हणतो ती ही. शनिवारच्या बोटीवरची आम्ही चाळीस माणसं, थर्मासमधली कॉफी, एकमेकांना शाबासकी, सगळे इतके निरुपद्रवी दिसत होतो! निसर्गप्रेमी वगैरे. कुणीही चाळीसांतला एकटा असं म्हणू शकतो की बाबा रे, मी काय नेलं? एक मासा. तोही नाही. आणि तरीही बेरीज अशी.

शिवाय बेरीज करायचीही अडचण. इथे विक्रीसाठी धरलेल्या प्रत्येक स्ट्राइप्ड बासला क्रमांक असलेलं बिल्लं लावावं लागतं. किती बिल्ली दिली, किती वापरली, सगळ्याचा हिशेब. उलट हौशी लोकांनी किती धरले ते पत्रानं प्रश्नावली पाठवून आणि धक्क्यावर माणसं उभी करून विचारतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. एका सिस्टीमला ओळ न् ओळ लॉग आहे, दुसरीला नुसतं सॅम्पलिंग, आणि लोड सगळा दुसऱ्या सिस्टीमवर. प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

"म्हणजे अर्धा हिशेब पासबुकात आणि अर्धा तोंडी," बाबा म्हणाले.

मग एकतीस इंचांचं रहस्य उलगडलं. २०२० पासून समुद्रात अठ्ठावीस ते पस्तीस इंच अशी खिडकी होती. २०१५ साली चेसापीकमध्ये एक दणदणीत पिढी जन्मली होती. ती वाढत वाढत २०२२ मध्ये नेमकी त्या खिडकीत आली, आणि हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. आयोगानं मे २०२३ मध्ये तातडीचा नियम काढून खिडकी एकतीसवर बंद केली, म्हणजे त्या पिढीचे उरलेले मासे वरून निसटून जातील. आमची छत्तीस इंची मादी कदाचित त्याच पिढीची, किंवा जरा थोरली.

घाई का, तेही वाचलं. मेरीलँडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या २२ जागी त्या वर्षीची पिल्लं मोजतात. शंभर फुटी जाळं हातानं ओढून किनाऱ्याला आणायचं आणि पिल्लं मोजून सोडायची.

"म्हणजे रापणच की रे!" बाबा एकदम सरसावून बसले.

रापणच. त्या मोजणीची दीर्घकालीन सरासरी ११ च्या आसपास आहे. २०२३ साली आकडा आला १. नवीन मासे येतच नाहीयेत. अशा वेळी जे अंडी घालणारे आहेत ते जपायचे. सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी देते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या वर. म्हणून मोठा मासा सोडायचा. बग नव्हता, फीचर होतं.

बाबा बराच वेळ गप्प. मग त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

"इथले कोळी कुठे आहेत या सगळ्यात?"

न्यू जर्सीत हा मासा धरून विकायलाच बंदी आहे. राज्याच्या वाट्याला येणारा व्यापारी कोटासुद्धा हौशी लोकांनाच जादा मासा म्हणून दिला जातो. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तसं नाही, तिथे बिल्ली लावून विकतात. मी हे सांगितलं.

"म्हणजे ज्याचं पोट त्यावर, त्याला पूर्ण बंदी. आणि ज्याला शनिवारी वेळ जात नाही, त्याला मोकळीक." स्वत:कडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्यासारख्याला."

मी म्हटलं, मोकळीक कुठे, एकच मासा, तोही तीन इंचांच्या फटीतला. पण ते मलाच पटेना. नियम कितीही शास्त्रीय असला तरी त्याआधी एक प्रश्न असतोच, की वाटा कुणाला. आणि तो शास्त्रज्ञ ठरवत नाहीत. ज्यांची संख्या मोठी आणि आवाज मोठा, त्यांच्या बाजूनं तो झुकतो. रापणीत निदान दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी मिळतं.

मग गाडी गावाकडे वळणारच होती. आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनचे परवाने कमी करत १८२ वर आणायचं ठरलं, आणि मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करायच्या एलईडी मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीनं दंड लाखांत गेले. आणि २०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. चंदेरी पापलेट राज्य मासा झाला, आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरली. त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर.

हे सगळं बाबांना माझ्याहून जास्त माहीत होतं, फक्त शेवटचं सोडून. म्हणाले, "हे सगळं जाळीवाल्यांसाठी ना?"

"धरणाऱ्यांसाठी आहे. पण मापापेक्षा लहान पापलेट बाजारात येतंच ना? आपण घेतोच ना?"

बाबांनी टीव्ही लावला. (आमच्या घरात चर्चा संपल्याची खूण.)

डिसेंबरमध्ये आम्ही डोंबिवलीला गेलो. पहिल्याच रविवारी बाबा आणि मी मासळी बाजारात. मोठ्या पापलेटचा भाव ऐकून मी सवयीनं डॉलरमध्ये भागाकार केला, तरी महागच वाटलं. शेजारच्या पाटीत लहान पापलेटांचा ढीग. तळहातावर मावतील अशी, चमचमणारी. रवा लावून अख्खी तळली की काट्यासकट कुरकुरीत लागतात. माझी लहानपणापासूनची आवडती. बाबा परीक्षेच्या दिवसांत मुद्दाम आणायचे.

मी खिशातून मोबाईल काढला आणि एका पापलेटशेजारी धरला. माझा फोन १४७ मिलिमीटर. मासा फोनच्या अर्ध्याहून थोडा जास्त. नव्वदच्या आसपास असेल.

खरं सांगतो, तरीही मी म्हणणार होतो, "एक वाटा द्या." दोन वर्षांनी घरी आलो होतो, आईनं रवा भाजून ठेवला होता, आणि ढिगातले मासे तर मेलेलेच होते. मी घेतले नाहीत म्हणून ते काही उठून पोहणार नव्हते. असा सगळा युक्तिवाद डोक्यात तयार होता. बोटीवरच्या चाळीस माणसांपैकी प्रत्येकाच्या डोक्यात असतो, तोच.

बाबा मावशींना म्हणाले, "इतकी लहान कशाला आणता हो?"

मावशी भडकल्या. "मी काय दर्यात जाते का? बंदरावर आलं ते विकते. मोठी येतात कुठे आता? आणि तुम्ही नाय घेतली तर दुसरा घेईल."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात माझ्या वयाचं एक जोडपं आलं, दोन वाटे घेतले, गुगल पे केलं आणि निघालं. मावशींनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी त्या दोघांना काही बोललो नाही. काय बोलणार? सहा महिन्यांपूर्वी मी तेच होतो. खरं तर सहा सेकंदांपूर्वी मी तेच होतो.

बाबांनी बांगडे घेतले. मोठे बघून, निवडून. मावशींशी घासाघीस केली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या या बांगड्यांनी समुद्र वाचला असं मला म्हणायचं नाही. ढीग तसाच होता आणि दुपारपर्यंत तो संपला असणार. पर्ससीनचे परवाने, एलईडीचे दिवे, गस्ती नौका, बंदरावर फूटपट्टी घेऊन उभा राहणारा अधिकारी, हे सगळं सरकारनंच करायला हवं, आणि आधी मोठ्यांपासून करायला हवं. पण मोठी जाळी जेव्हा बंदरात येतात, तेव्हा त्यातलं इवलंसं पापलेट शेवटी कुणाच्या तरी पिशवीत जाणार असतं म्हणूनच येतं. ती पिशवी माझ्या हातात होती.

परतताना रिक्षात बाबांनी अचानक विचारलं, "ती जगली असेल का रे?"

मला वाटलं, गावाकडच्या कुणाबद्दल विचारतायत. "कोण?"

"छत्तीस इंचवाली."

आठ महिने झाले होते. मी म्हटलं, "शंभरात एक्याण्णव जगतात, बाबा. एप्रिलचं पाणी थंड होतं, ते चांगलं असतं. गळही तोंडाच्या कोपऱ्यातच लागला होता."

त्यांनी जरा हिशेब केला. मग म्हणाले, "एक्याण्णव टक्के वसुली होणार असेल तर आम्ही कर्ज पास करायचो."

आणि बांगड्यांची पिशवी मांडीवर नीट धरून बाहेर बघत बसले.